सुईणीची मासेराती

लिबेरा मोंतोर्सीला गाडी चालवता येत नव्हती. आमच्या खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती. विशीच्या आतलं अख्खं गाव तिनंच पाय धरून, उलटं टांगून, ढुंगणावर चापट मारून जगात आणलेलं. आपल्याला अशा अवस्थेत पाहिलेल्या बाईशी वाद कसा घालणार?

ती आमच्या मोंतेग्राझा गावाची सरकारी सुईण. बाप चांभार आणि कट्टर अराजकवादी. पोप, राजा, बँकवाले आणि सासरा या चौघांचा तो सारखाच द्वेष करायचा. मुलगी झाली तेव्हा नाव ठेवलं लिबेरा, म्हणजे मोकळी. मुलगा झाला त्याचं नाव आतेओ, म्हणजे नास्तिक. आतेओ पुढे चर्चची घंटा वाजवायच्या नोकरीला लागला, कारण त्याला दुसरीकडे कुणी ठेवून घेईना. लिबेरानं मात्र नाव राखलं. लग्न केलं नाही, काळी तंबाखू ओढायची, आणि आडव्या हाडाची, मोठ्या पंजांची अशी ती बाई लांब्रेत्ता स्कूटरवर बसली की स्कूटर दिसायचीच नाही. नुसती लिबेराच रस्त्यावरून सरकत येतेय असं वाटायचं.

मी एर्मेस. गावाच्या तोंडाशी, मोदेनाकडे उतरणाऱ्या वळणावर माझा पेट्रोल पंप होता. ती गाडी लिबेराच्या पदरात पडली ती माझ्याच पंपावर.

१९६१चा ऑगस्ट. खाली सास्सुओलोला तेव्हा फरशांच्या कारखान्यांचा सुकाळ होता. काल ज्याच्याकडे दोन गाई आणि एक भट्टी होती तो आज कोमेंदातोरे, म्हणजे सरकारी किताब मिरवणारा बडा शेठ झालेला. तसलेच आमचे कोमेंदातोरे बेर्गोन्झिनी. उन्हाळ्यात थंडाव्याला आमच्या गावात बंगला, आणि बंगल्यासमोर मासेराती. निळसर राखाडी, लांब नाकाची, आत साईच्या रंगाचं कातडं. इतकी देखणी गाडी, की मी काच पुसताना आपोआप टोपी काढायचो. गाडीचं कातडं खराब होईल म्हणून कोमेंदातोरे बायकोला आत बसताना बूट झटकायला लावायचा.

त्या दुपारी तो पंपावर आला तेव्हा शेजारी बायको होती, आदाल्जिसा. पोट दारापर्यंत आलेलं, आणि ती दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून किंचाळत होती.

"टाकी फुल्ल कर," कोमेंदातोरे म्हणाला. "आणि काच पूस. मोदेनाला दवाखान्यात चाललोय."

"आधी जा ना, साहेब! पेट्रोल पुरेल तेवढं असेल."

"पाव टाकी आहे. पाव टाकीवर मी घाट उतरत नाही. इंजिनात कचरा जातो."

लिबेरा लांब्रेत्तात पेट्रोल भरायला तिथंच उभी होती. तिनं सिगारेट बुटाखाली चिरडली आणि खिडकीतून आत डोकं घातलं.

"कितवी खेप?"

"पहिली," आदाल्जिसा कशीबशी म्हणाली.

"कळा कधीपासून?"

"सकाळपासून. हा म्हणाला, जेवण होऊ दे."

लिबेरानं कोमेंदातोरेकडे असं पाहिलं की मी त्याच्या जागी असतो तर पंपाच्या टाकीत उडी मारली असती. मग तिनं दार उघडलं, पुढची सीट मागं पाडली आणि मागं हात घालून चाचपलं.

"ही मागची सीट आहे का पाकीट ठेवायची जागा? लाखो लिरांची गाडी, आणि बाईला गुडघा वाकवायला जागा नाही! ए एर्मेस, गरम पाणी. आणि तुझ्याकडचं स्वच्छ फडकं. तेलाचं नको, गाढवा, स्वच्छ म्हणाले मी!"

"इथं? माझ्या गाडीत?" कोमेंदातोरेचा आवाज चिरकला. "खाली काहीतरी अंथरा! निदान वर्तमानपत्र!"

"तुलाच अंथरते आता," लिबेरा म्हणाली.

पुढचं मी पाठ फिरवून उभा राहिलो म्हणून ऐकलं, पाहिलं नाही. कोमेंदातोरेनं मात्र पाहिलं. बायकोच्या काळजीनं नव्हे, कातड्याच्या काळजीनं तो वाकून बघायला गेला, आणि पिठाचं पोतं पडावं तसा माझ्या हवेच्या पंपाशेजारी आडवा झाला. बाळ रडलं तेव्हा बाप अजून उताणाच होता. मुलगी झाली. माउरा नाव ठेवलं पुढे.

शुद्धीवर आल्यावर त्यानं गाडीत एकदा डोकावलं. साईच्या रंगाच्या कातड्यावर जे काय काय सांडलं होतं ते बघून त्याचे डोळे पुन्हा पांढरे व्हायला लागले. "न्या ही!" तो ओरडला. "घेऊन जा! मला ही पुन्हा डोळ्यांसमोर नको!"

त्याला म्हणायचं होतं, धुवायला न्या. पण लिबेरा बोललेल्या शब्दाची माणूस. ती म्हणाली, "एर्मेस, तू ऐकलंस?" मी म्हणालो, "ऐकलं." आणि त्याच्या तोंडाला रंग परत यायच्या आत ती त्याला दंडाला धरून चौकातल्या नोटरीकडे घेऊन गेली. नाही म्हणायची त्याला पुढं लाजच वाटली असणार. बाळंतपणात बेशुद्ध पडलेला नवरा आणि दिलेला शब्द फिरवणारा नवरा, यातलं एक तरी सास्सुओलोच्या बाजारात लपलं पाहिजे होतं.

गावानं गाडीचं नाव ठेवलं 'बाळंतीण'. आणि लिबेरा कोमेंदातोरेची ठेवलेली बाई आहे, हेही ठरवून टाकलं. फुकट मासेराती कोण देतो? मी खरं सांगायचो, तर लोक डोळा मारायचे. "तुला काय, तुझं पेट्रोल खपतंय." ते मात्र खरंच होतं. लांब्रेत्ता महिनाभर जेवढं प्यायची तेवढं ही बया सकाळच्या न्याहारीला प्यायची.

लिबेरा ती गाडी लांब्रेत्तासारखीच हाकायची. गिअर तिला दोनच पटले होते. तिसऱ्याला ती शोभेचा म्हणायची. वळणावर हॉर्न दाबून डोळे मिटायची, असं तिच्या शेजारी बसलेल्या बायका शपथेवर सांगत. डोंगरातल्या वाड्यांवर जाताना कोंबड्या, कुंपणं, एकदा तर पाद्रीबाबांच्या मधमाश्यांची पेटी, असं बरंच काही तिनं पाडलं. तिच्या गाडीत बसलं की कळा आपोआप जोर धरायच्या आणि मूल जीव मुठीत धरून बाहेर यायचं. मागच्या सीटवर, म्हणजे त्या पाकिटाच्या जागेत, चिमटे, कापूस, उकळायचं भांडं, आणि बिदागी म्हणून मिळालेली डुकराची मांडी किंवा जिवंत बदक.

शरद ऋतूत आदाल्जिसा आली. टोपी, हातमोजे, उंच टाचा. बसनं घाट चढून एकटी आलेली. लिबेरा पंपावर हवा भरत होती. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण बघता बघता समोरच्या बारमधली सगळी टोळी पत्ते हातात तसेच धरून रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. आता झिंज्या उपटणार, म्हणून.

"तुम्हाला एक मागायचं होतं," आदाल्जिसा म्हणाली.

"गाडी परत मिळणार नाही."

"गाडी नको. मला चालवायला शिकवा."

लिबेरानं हवेची नळी खाली ठेवली. "नवरा शिकवत नाही?"

"तो म्हणतो, बाईचा पाय क्लचला जड पडतो." मग तिनं हातमोजे काढले, एकेक बोट ओढून, सावकाश. "त्या दिवशी मी ओरडत होते आणि तो काच पुसून घेत होता. मला गाडी येत असती तर मी त्याला इथंच ठेवून निघून गेले असते. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही."

लिबेरानं गाडीचं दार उघडून धरलं फक्त. बारमधली टोळी हिरमुसून परत गेली.

ज्या बाईला स्वतःला चालवता येत नव्हतं ती दुसरीला काय शिकवणार? पण आदाल्जिसा कार्पीची. तिच्या बापाचा लोकरी कपडे विणायचा कारखाना, लहानपणापासून यंत्रांत वाढलेली. लिबेरा जे जे करायची त्याच्या बरोबर उलट करत करत ती उत्तम चालवायला शिकली. घाटात माझ्या पंपाच्या वरच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला की मी ओळखायचो. दात खाल्ल्यासारखा खडखडाट म्हणजे लिबेरा, मांजरासारखी गुरगुर म्हणजे आदाल्जिसा.

गाडी सगळ्यांच्याच डोळ्यांवर यायची. कम्युनिस्ट पक्षाच्या शाखेत तर त्यावर खास बैठक झाली. लिबेरा पक्षाची सभासद, आणि शाखेचा सचिव वाल्तेर ग्वाल्दी हा चीजच्या डेअरीत कामाला, गंभीर माणूस. हसायचं असलं तरी आधी वरून परवानगी मागेल असा.

"कॉम्रेड मोंतोर्सी," तो उभा राहून म्हणाला, "कष्टकऱ्यांच्या सुईणीला भांडवलदाराची चैनीची गाडी शोभते का, असा प्रश्न आहे."

"कुणाचा प्रश्न?"

"जनतेचा."

"जनता परवा माझ्या मागच्या सीटवर झाली, साडेतीन किलोची. तिची काही तक्रार नव्हती." खोलीत खसखस पिकली. लिबेरा उठली. "आणि वाल्तेर, मला एक सांग. भांडवलदारांकडून सगळं काढून घ्यायचं, असं तू किती वर्षं बोलतोयस? मी निदान एक गाडी तरी काढून घेतली. तू काय काढून घेतलंस?"

बैठक तिथंच मोडली आणि सगळे लांब्रुस्को वाइन प्यायला बारमध्ये गेले. पुढच्या वसंतात वाल्तेरच्या सुनेला दिवस भरले. मूल आडवं होतं, मोदेनाला न्यायचं ठरलं, तेव्हा जनतेचा प्रतिनिधी मासेरातीत पुढच्या सीटवर बसून गेला. शाखेसमोरून जाताना त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं होतं.

ऑगस्टात दोघी समुद्रावर जायच्या. आबेतोनेची खिंड ओलांडून वियारेज्जोला. पहिल्या वर्षी एका दिवसासाठी, पुढं आठवडा. माउराला त्या दोघींच्या मध्ये कुठंतरी कोंबलेलं असायचं. कोमेंदातोरेला हे सहन होईना. एकदा तो भल्या सकाळी नव्या जर्मन गाडीतून माझ्या पंपावर आला आणि लिबेराची वाट बघत बसला.

"झालं तेवढं पुरे," तो तिला म्हणाला. "गाडी मी रागाच्या भरात दिली होती. मी परत घेतोय."

"घे की," लिबेरा म्हणाली. "ही किल्ली. बस आणि ने."

त्यानं किल्ली घेतली, ऐटीत दार उघडलं. सीटवर तो डाग तसाच होता. घासून घासून तपकिरी झालेला, कडा पसरलेल्या, एखाद्या बेटाच्या नकाशासारखा. कोमेंदातोरे बघत राहिला. कपाळावर घाम आला. एक पाय आत टाकला, बाहेर काढला. मग रुमाल तोंडाला लावून म्हणाला, "गिअर बॉक्सचा आवाज बरा नाही येत," आणि दार हळूच लोटून दिलं. इंजिन चालूसुद्धा केलेलं नव्हतं.

हसण्यावारी न्यायचं सगळं हसण्यावारी नेलं आम्ही, पण इनेसचं तसं झालं नाही. इनेस वरच्या कासोनी वाडीची, तिसरं बाळंतपण. हिवाळा, रस्त्यावर बर्फ. मूल झालं, छान झालं, पण रक्त थांबेना. लिबेरानं तिला गाडीत घातलं आणि मोदेनाला निघाली. माझ्या पंपावरून गेली तेव्हा गाडी आडवी होत होती. खालच्या पुलाशी ती घसरून बांधाला घासली, तिथून बाहेर निघेपर्यंत बराच वेळ गेला. इनेसनं दवाखान्याच्या दारातच प्राण सोडला.

डॉक्टर म्हणाले, वेळेत पोचली असती तरी सांगता आलं नसतं. लिबेरानं ते ऐकून घेतलं. परत आली, पंपावर गाडी लावली आणि आत माझ्या खोलीत येऊन बसली. मी नोचिनो, आमची अक्रोडाची दारू, ओतून दिली, तिनं हात लावला नाही.

"चांगला चालवणारा असता तर बांधाला लागली नसती," ती म्हणाली.

मला काहीतरी खोटं बोलायला हवं होतं. आता हिवाळ्यातही बंगल्यावरच राहणारी आदाल्जिसा धावत आली, तिच्या केसांत बर्फ. लिबेरानं खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"आजपासून तू."

"मला रात्री-अपरात्री बोलावशील?"

"बोलवीन."

"नवऱ्यासमोरून उठून यावं लागलं तर?"

"येशील का?"

"विचारू नकोस, बाई," आदाल्जिसा म्हणाली आणि तिच्या शेजारी बसून रडायला लागली. लिबेरा रडली नाही. ती तिच्या केसांतला बर्फ झटकत राहिली.

त्यानंतर गाडी आदाल्जिसा चालवायची आणि लिबेरा मागं बाईपाशी बसायची, त्या इवल्या जागेत अंगाची घडी घालून. पाहुणे जेवायला बसलेले असले तरी फोन आला की कोमेंदातोरीण नॅपकिन टेबलावर टाकून निघायची. हळूहळू बायका घरी बाळंत व्हायच्या थांबल्या. सगळ्यांना दवाखाना हवासा झाला. मग दोघींचं काम म्हणजे नुसतं पोचवणं. कोमेंदातोरे म्हणायचा, माझी बायको टॅक्सी चालवते. आदाल्जिसा म्हणायची, हो, आणि माझी टॅक्सी आधी टाकी भरत बसत नाही.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात घटस्फोटाच्या कायद्यावर मतदान झालं. कायदा ठेवायचा की काढायचा? दोघींनी दोन दिवस वाड्यावाड्यांवरून म्हाताऱ्या गोळा करून मासेरातीतून मतदानाला आणल्या. एकेका खेपेला चार चार, एकमेकींच्या मांडीवर. एक नव्वदीची आजी उतरताना मला म्हणाली, "माझा नवरा मरून तीस वर्षं झाली, पण मत देऊन घेते. परत यायचा भरवसा नाही मेल्याचा."

कायदा राहिला, असा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोमेंदातोरे पंपावर होता. आदाल्जिसा गाडी घेऊन आली. मागं दोन सुटकेसेस आणि बारा वर्षांची माउरा, तोंडात च्युइंगम.

"हे काय?" तो म्हणाला.

"मी लिबेराकडे राहायला चालले."

"दिवाळखोरीच्या तोंडाशी आलेल्या नवऱ्याला सोडून?"

"दिवाळं निघायच्या आधीपासून मनात होतं. तुझ्या भरभराटीतही तू मला तितकाच नकोसा होतास."

कोमेंदातोरेनं माझ्याकडे पाहिलं. मी नळीकडे पाहिलं. "लोक काय म्हणतील, याचा विचार केलायस?" तो हळू आवाजात म्हणाला.

"लोक इतकी वर्षं म्हणतायत की लिबेरा तुझी ठेवलेली आहे. जरा विषय बदलेल त्यांचा."

माउरा खदखदून हसली. गाडी घाट चढून गेली, मांजरासारखी गुरगुरत.

मला पुढं कितीदा कुणी कुणी विचारलं, एर्मेस, तू तर रोज बघतोस, त्या दोघी एकमेकींच्या नेमक्या कोण? मी बघत होतो ते इतकंच. एक सकाळी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायची, दुसरी खिडकीतून ओरडायची की कॉफी निवतेय. पहिली ऐकायची नाही. दुसरी कप घेऊन बाहेर यायची. ज्याला यातून काही समजत नाही त्याला आणखी काय सांगायचं?

घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा गाडी विकली. ब्रेशाचा एक शौकीन आला, पांढऱ्या पँटचा. गाडीभोवती तो असा फिरला, जसं काही त्याला तिच्याशी लग्न ठरवायचंय. डाग बघून म्हणाला, "हे काय? वाइन?"

"माझी मुलगी," आदाल्जिसा म्हणाली.

त्यानं दोन पावलं मागं घेतली. नवीन कातडं घालीन म्हणाला. लिबेरा म्हणाली, मग जुनं इकडे द्या, फुकट कशाला जाऊ द्यायचं. त्यानं खरोखरच पाठवून दिलं. आदाल्जिसानं त्याची बाजाराची पिशवी शिवली. चांगली टिकली. माउराला मात्र त्यातले कांदे खायला कसंतरी व्हायचं.

मग त्यांनी एक डबडी छोटी गाडी, पांडा, घेतली. लिबेराला त्यात पाय पसरता आले, म्हणून ती खूश. शहाण्णवच्या वसंतात ती गेली, झोपेत, तंबाखूनं पोखरलेल्या छातीसकट सत्त्याहत्तर वर्षं काढून. बापाच्या शब्दाप्रमाणे पाद्री नाही, क्रूस नाही. स्मशानात खोऱ्यातली माणसं मावेनात. वाल्तेर ग्वाल्दीला भाषण करायचं होतं. आदाल्जिसा म्हणाली, "वाल्तेर, ती तुझं भाषण जिवंतपणी ऐकत नव्हती." तो कागद खिशात घालून सगळ्यांबरोबर गप्प उभा राहिला, आणि रडायला सगळ्यात आधी त्यानंच सुरुवात केली.

त्या ऑगस्टात आदाल्जिसा पांडा घेऊन पंपावर आली. काळे कपडे वगैरे नव्हते, फुलाफुलांचा झगा.

"बस," ती म्हणाली.

"कुठं?"

"समुद्रावर."

"सिन्योरा, ऑगस्ट आहे. सगळं जग पेट्रोल भरायला निघालेलं असतं."

"तू कधी पाहिलायस का समुद्र, एर्मेस?"

सैन्यात असताना आगगाडीच्या खिडकीतून पाहिला होता, तेही डावीकडे बसलेल्या शिपायाच्या डोक्यावरून. मी पंपाला कुलूप लावलं.

आबेतोनेला थांबून आम्ही मोर्तादेल्लाचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप घातलेला न्योक्को, तळलेला पाव, खाल्ला. वियारेज्जोला पोचलो तर वाळूत पाय ठेवायला जागा नाही, छत्र्याच छत्र्या. ती बूट न काढताच पाण्यात चालत गेली, गुडघ्यापर्यंत. झगा फुगून तिच्याभोवती तरंगायला लागला. बराच वेळ तशीच उभी होती. मी काठावर तिची पर्स धरून उभा. एक पोरगी मला विचारून गेली, आजीला बरं नाही का?

मग ती परत आली, कमरेपर्यंत भिजलेली. टपरीवरून तळलेलं माकूल घेतलं, एक तुकडा चावला, चावतच राहिली.

"रबर आहे," ती टपरीवाल्याला म्हणाली. "टायरचं दुकान काढ त्यापेक्षा." मग मला म्हणाली, "खा. उद्या सकाळी दुसरीकडे बघू."

"उद्या? मी तर पंप फक्त आजच्यापुरता बंद केलाय."

"खा रे," ती म्हणाली आणि कागदाची पुडी माझ्यापुढे सरकवली.